पहिले तट्टू

ग्वाल्हेरच्या लश्करात राहणाऱ्या आपल्यासारख्यांच्या पत्त्यातच एक छावणी दडलेली आहे, पण पाकिटावर पत्ता लिहिताना ती कुणाला आठवत नाही. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या दक्षिणेला तळ दिला. तो तळ पुन्हा उठलाच नाही. तंबूंच्या जागी वाडे, देवळे आणि बाजार उभे राहिले, नाव मात्र लश्करच राहिले. तिकडे इंदूरला पागनीस पागा आहे. तिथे आता घरे आणि दुकाने आहेत, घोडा औषधालाही सापडायचा नाही. पागे, पागनीस, शिलेदार, चाबुकस्वार ही आडनावे आपल्या समाजात अजून आहेत आणि ती लावणाऱ्यांपैकी बहुतेकांचा घोड्याशी शेवटचा संबंध लग्नाच्या वरातीपुरता आलेला असतो.

स्मरणिकेसाठी इतिहासावर लिहायचे म्हटले की आपण तलवार, तह आणि तारखा यांच्याकडे वळतो. या वेळी जरा निराळ्या गोष्टीबद्दल लिहायचे आहे. त्या लढाया लढणारा स्वार काही भरधाव घोड्यावर जन्माला आला नव्हता. कधीतरी तोही पाच-सहा वर्षांचा होता, घोड्याच्या पोटाखालून न वाकता निघून जाईल एवढा, आणि कुणीतरी काखेत धरून त्याला एका तट्टाच्या पाठीवर ठेवले होते. ते तट्टू कुठले आणि त्यानंतर त्या पोराला काय काय शिकावे लागे, हे पाहिले तर आपले पूर्वज चंबळेपर्यंत कसे येऊन पोचले याचा बराचसा उलगडा होतो.

आधी घोडा कुणाचा, हे पाहू. मराठी फौजेत स्वारांचे मुख्य दोन प्रकार होते. बारगीर सरकारी पागेतल्या घोड्यावर बसे. घोडा, दाणा, नाल, सगळे सरकारचे. शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःचे हत्यार घेऊन चाकरीला येई. सभासदाने आपल्या बखरीत शिवाजी महाराजांच्या पागेची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांचा एक जुमला, दहा जुमल्यांचा एक हजारी, आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. शिलेदारही पागेच्या हाताखाली वागत. घोड्याला पाणी पाजणारा आणि त्याचे खूर पाहणारा यांची नेमणूक थेट फौजेच्या रचनेत यावी, ही गोष्ट मला त्या सगळ्या मांडणीत सर्वांत शहाणपणाची वाटते. पुढे पेशवाईत पागेच्या मानाने शिलेदारांची संख्या वाढत गेली. मोहिमेआधी त्यांना आगाऊ रक्कम मिळे, तिचे नावच नालबंदी.

बारगिराचा घोडा मेला तर पागेतून दुसरा मिळे. शिलेदाराचा मेला तर त्याची शिलेदारी संपली. हजिरीच्या वेळी घोड्याचा रंग, खुणा, किंमत लिहून घेत. घोडा लढाईत कामास आला तर सरकारातून भरपाई मिळावी अशी रीतही होती. पण ती वेळेवर आणि पुरती हाती पडेलच, याची खात्री कुणाला नसे. म्हणून ज्याच्याकडे एकच घोडा आहे तो शिलेदार त्याला जिवापाड जपे आणि ऐन लढाईत पुढे घालताना दहा वेळा विचार करी. इंग्रज लेखकांनी याला भित्रेपणा म्हटले आहे. पण घरची सगळी जमीन चार पायांवर उभी करून तोफेच्या तोंडी न्यायची म्हणजे काय, हे त्या लेखकांना पगारी फौजेच्या घोड्यावर बसून कळण्यासारखे नव्हते.

अशा घरात पोराच्या हाती बापाचा घोडा कुणी देत नसे. अरबी, इराकी घोडे समुद्रातून येत. गोव्याच्या बंदरातून होणाऱ्या या व्यापारावर पोर्तुगीजांनी विजयनगरच्या काळापासून ताबा ठेवला होता, आणि असा घोडा म्हणजे सरदाराच्याच आवाक्यातली गोष्ट. काठेवाडी घोडी, कानांची टोके एकमेकांना भिडणारी, तीही सामान्य शिलेदाराला सहज परवडणारी नव्हे. सामान्य माणसाचे जनावर म्हणजे भीमथडीचे तट्टू. भीमा आणि नीरा यांच्या खोऱ्यातले, खांद्यापाशी साधारण सव्वाचार फूट उंच, दिसायला यथातथाच. पण खूर दगडासारखे, खाणे थोडे, घाट चढताना पाय कधी चुकायचा नाही. दिल्लीकडच्या लोकांनी या तट्टांना पुष्कळ नावे ठेवली. तीच तट्टे त्यांच्या वेशीपर्यंत येऊन पोचली तेव्हा मात्र हसणे थांबले.

बापाच्या घोड्याबरोबर शिलेदाराच्या घरी असे एखादे म्हातारे तट्टू किंवा ओझ्याची घोडी असायची. मोहिमेत तिच्यावर राहुटी, भांडी, दाण्याची पोती जायची. घरी असताना तिच्यावर पोरे बसायची. नव्या स्वाराला वयस्क घोडा द्यावा, हे शहाणपण जगभर आहे, कारण अशा जनावराने सगळे पाहिलेले असते. पोराने चुकून लगाम ओढला, टाच मारली, ओरडला, तरी ते उधळत नाही. फार झाले तर थांबते आणि मान खाली घालून गवत खाऊ लागते. घोडं कुठे पेंड खातं, हा प्रश्न आपण आज भलत्याच ठिकाणी विचारतो. ज्याला पहिल्यांदा तो विचारावा लागला असेल ते बहुधा असेच एखादे पोर असावे, असे मला उगीचच वाटते.

मल्हारराव होळकरांचे बालपण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. जन्म १६९३ चा, जेजुरीजवळच्या होळ गावचा, नीरेच्या काठचा, म्हणजे ऐन भीमथडीच्या तट्टांच्या मुलखातला. वडील लवकर वारले आणि आई त्यांना घेऊन खानदेशात तळोद्याला भावाकडे गेली. हे मामा भोजराज बारगळ कदम बांड्यांच्या चाकरीत स्वारांचे एक लहान पथक बाळगून होते. भाचा आधी मेंढरे राखी, मग मामाच्या पथकात शिरला. इंदूरचे संस्थान उभे करणारा माणूस घोड्यावर बसायला शिकला तो कुठल्या राजवाड्याच्या आखाड्यात नव्हे, मामाच्या दारातल्या पथकात. मेंढपाळाच्या घरात घोडी आधीपासूनच असते, ती का, हे शेवटी येईल.

घोड्यावर बसणे हा शिक्षणाचा पहिला भाग नव्हता. पहिला भाग ठाणावरचा. पोराने आधी मोतद्दाराच्या मागे मागे हिंडायचे. घोड्याजवळ जायचे ते खांद्याच्या बाजूने, त्याच्याशी बोलत बोलत. याला कारण आहे. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे त्याला जवळजवळ सगळीकडचे दिसते, फक्त अगदी नाकासमोरचे आणि थेट शेपटीमागचे दिसत नाही. न दिसणाऱ्या जागी काही हलले की तो आधी लाथ झाडतो आणि मग विचार करतो. घोड्याच्या मागून आणि साहेबाच्या पुढून जाऊ नये, ही म्हण तबेल्यातूनच कचेरीत गेली. पुढच्या पायांच्या दोरांना आगाडी आणि मागच्या पायांच्या दोरांना पिछाडी म्हणत. ही कशी बांधायची, कशी सोडायची आणि सोडताना आपण कुठे उभे राहायचे, हे पोराला हातात लगाम येण्याच्या कितीतरी आधी येत असे.

मग खरारा, तोबरा, पाणी. खरारा करताना अंगावरून हात फिरतो आणि कुठे सूज आहे, कुठे खोगिराने पाठ लागली आहे हे बोटांना कळते. पाठ लागलेला घोडा आठ-आठ दिवस कामाचा राहत नाही, म्हणून खोगिराखालच्या घडीत एक सुरकुती राहिली तरी पोराला बोलणी बसत. खोगिराच्या पोटात गवत, चिंध्या, लोकर भरायची ती खोगीरभरती. हा शब्द आज समित्यांवरच्या नेमणुकांना लागतो, पण खोगिरातली भरती नीट नसली की घोडा आणि स्वार दोघेही जायबंदी होत, हे लक्षात ठेवलेले बरे. पाणी आधी, दाणा मागून. रपेट करून आलेल्या गरम घोड्याला लगेच पाणीही नाही आणि दाणाही नाही, आधी घाम सुकेपर्यंत हळूहळू चालवायचे. चंदी म्हणजे मुख्यतः भिजवलेला हरभरा, आणि दख्खनेत शिजवलेले हुलगे, ज्यांना कोकणात कुळीथ म्हणतात. इंग्रजांनी तर कुळथाचे नावच घोड्याचा चणा असे ठेवले. घरच्या बायका रात्री दोन भांडी भिजत घालत, एक माणसांसाठी आणि एक दारातल्या जनावरासाठी, आणि दुसरे सहसा मोठे असे.

या सगळ्याचे मोल किती, हे पाहायचे असेल तर शिवाजी महाराजांचे चिपळूणच्या छावणीतल्या जुमलेदारांना, हवालदारांना आणि कारकुनांना गेलेले प्रसिद्ध पत्र वाचावे. ते राज्याभिषेकाच्या सुमाराचे आहे. त्यात शौर्याबद्दल एक शब्द नाही. पावसाळ्याची बेगमी म्हणून साठवलेले दाणे आणि गवत आताच मन मानेल तसे उधळाल तर पुढे मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल, असे महाराज बजावतात. मग लोक रयतेच्या घरी दाणा, भाजी, पाला मागत फिरतील आणि रयतेला यांच्यापेक्षा मोगल बरा वाटू लागेल. गंजीजवळ विस्तव नको, रात्री दिवा उघडा नको, उंदीर जळती वात पळवून नेईल आणि सगळी लहळी पेटेल, इथवर बारकावा आहे. एका राजाने उंदराचा आणि वातीचा विचार करावा, हे मला अफझलखानाच्या वधाइतकेच मोठे वाटते. पुष्कळांना पटणार नाही, पण वाटते.

हे झाल्यावर मग पाठीवर. सुरुवातीला खोगीर नाही आणि रिकीब तर नाहीच. नुसत्या पाठीवर किंवा फार तर चारजाम्यावर. कुणीतरी दोर धरून तट्टू पुढे नेई आणि पोर आयाळ धरून बसे. यात शिकायची ती मांड. मांड म्हणजे मांड्यांची आणि गुडघ्यांची पकड, जिच्यावर सगळी घोडेस्वारी उभी आहे. रिकीब आधी दिली की पोर पायांवर उभे राहायला शिकते आणि मग मांड कधीच पक्की होत नाही. मांड पक्की झाली की दोन्ही हात मोकळे होतात, आणि हात मोकळे झाले की भाला चालतो. कदम, दुडकी, रहवाल, चौखूर, या चालींतला फरक डोळ्यांआधी पोराच्या कमरेला कळायचा. दुडकीत माणूस उसळतो, रहवालीत उसळत नाही. रहवालीच्या तट्टाला म्हणूनच कारकुनांची मोठी पसंती असे, आणि आपल्यातली निम्मी घराणी कारकुनांची आहेत हे विसरायला नको. सगळेच काही तलवार उपसून नर्मदा उतरले नाहीत. पुष्कळ जण दौत, कलमदान आणि रुमालात बांधलेली दप्तरे घेऊन, मांडी आखडत, तट्टाला मनातल्या मनात शिव्या देत आले.

रिकीब मिळाली तरी चढायचे ते डाव्या अंगाने, कारण तलवार डाव्या कमरेला लटकते आणि उजवीकडून टांग टाकली तर ती मध्ये येते. तंग आवळताना बहुतेक घोडी पोट फुगवतात. पोराला वाटते तंग घट्ट बसला, आणि दहा पावलांवर खोगीर कुशीला येते. म्हणून चार पावले चालवून तंग पुन्हा आवळायचा. हे एकदा जमिनीवर पडल्यावर कायमचे ध्यानात राहते.

यापुढचे शिक्षण चाबुकस्वाराचे. हा घोडा तयार करणारा माणूस, आणि त्याच्या हाताखाली पोर आणि शिंगरू दोन्ही तयार होत. मात्र एकमेकांवर नाही. कोरे पोर कोऱ्या शिंगरावर बसवायचे नाही, हा नियम. शिंगराला लांब दोरावर गोल गोल फिरवायचे, याला काव्यावर धरणे म्हणतात. डावा कावा, उजवा कावा, मोठा, लहान, शेवटी इतका लहान की घोडा जवळजवळ जागच्या जागी मागच्या पायांवर वळतो. शत्रू भाला रोखून आला की क्षणात फिरून त्याच्या बगलेला जायचे ते याच्या जोरावर. गनिमी काव्यातला कावा हा आखाड्यातलाच असावा, असे माझे मत आहे. हुलकावणी देऊन वळणे, हा दोन्हींतला अर्थ तर एकच आहे. त्यानंतर बोथाटी, म्हणजे टोकाला चिंध्यांचा गोळा बांधलेला भाला घेऊन दोघा स्वारांनी खेळायचे. गोळ्याला रंग किंवा चुना लावला की कुणाला किती घाव बसले ते अंगरख्यावर दिसे, आणि संध्याकाळी ते घरी आईलाही दिसे.

इथवर मी पोर म्हटले ते मुलगा या अर्थाने घेतले गेले असेल, तर ते बरोबर नाही. जॉन माल्कमने १८२३ साली छापलेल्या मध्य हिंदुस्थानावरच्या ग्रंथात मोठ्या मराठा घराण्यांतल्या स्त्रियांबद्दल लिहिताना घोडा हाताळणे हा त्यांच्या शिक्षणाचा नेहमीचाच भाग असल्याचे नोंदवले आहे. हा माणूस मराठ्यांचा मित्र नव्हता. १८१७ साली महिदपूरला होळकरांच्या फौजेशी तोच लढला. यशवंतराव होळकरांची मुलगी भीमाबाई तेव्हाच्या घोडेस्वार स्त्रियांत सर्वांत नावाजलेली. आपल्या घरांतून ही गोष्ट कधी आणि कशी पुसली गेली, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. शंभर वर्षांत आपण मुलींना सायकलही मोठ्या मिनतवारीने देऊ लागलो, एवढे मात्र खरे.

झाशीच्या राणीसाहेबांना घोड्यावर बसलेल्या आपण चौकाचौकांत पाहतो, पण त्यांची घोड्याची पारख पुतळ्यात दिसत नाही. ती विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये दिसते. वरसईचे हे भटजी दक्षिणेच्या आशेने उत्तरेत आले आणि १८५८ च्या वेढ्यात झाशीत सापडले. त्या वेळी हिंदुस्थानात घोड्याची खरी परीक्षा करणारी तीनच माणसे मानली जात, असे ते सांगतात : नानासाहेब पेशवे, ग्वाल्हेरचे बाबासाहेब आपटे आणि झाशीच्या बाई. एकदा एक सौदागर दोन घोडे घेऊन आला. दोन्ही सारखेच देखणे. बाईंनी दोन्हींवर बसून मंडळ धरले आणि उतरून किंमत सांगितली, एकाची हजार रुपये आणि दुसऱ्याची पन्नास. दुसरा छातीत दुखावलेला होता. सौदागराने मग कबूल केले की मसाले चारून त्याने तो घोडा उभा केला होता. हे ज्ञान पोथीतून येत नाही. देवमण कुठे आहे, चारही पाय आणि कपाळ पांढरे असून घोडा पंचकल्याणी आहे का, हे कुणीही पाहून सांगेल. छातीतले दुखणे मात्र मांडेखाली कळते, आणि त्यासाठी मांड लहानपणापासून हवी. मोरोपंत तांब्यांची ही मुलगी ब्रह्मावर्तास पेशव्यांच्या वाड्यात नानासाहेबांच्या बरोबरीने वाढली. गोडशांच्या त्या यादीत तिघांपैकी दोन नावे एकाच अंगणातली निघावीत, यात मला तरी योगायोग दिसत नाही.

आणि त्यांचा शेवट आपल्याच गावात, जून १८५८ मध्ये, एका नाल्याच्या काठावर. त्या दिवशी हाताखालचा घोडा नवा होता आणि तो नाल्यापाशी अडला, असे परंपरेने सांगतात. सवयीचा घोडा असता तर, असा विचार करत स्वर्णरेखेवरून जाताना दर वेळी मन थांबते. आता त्या नाल्यात घोडा सोडा, शेळी अडण्याइतकेही पाणी बहुतेक दिवस नसते.

घोडा हाताळण्यात सर्वांत उशिरा येणारी गोष्ट म्हणजे त्याचा दम ओळखणे. तिच्याबद्दलची सर्वांत कठोर कथा महादजी शिंद्यांची आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपत मोडले तेव्हा ते तिशीच्या आसपास होते आणि दख्खनी घोडीवर होते. मागे एक अफगाण लागला. त्याचा घोडा मोठा आणि जड. महादजी घोडी पिटाळत पुष्कळ पुढे निघून जात, घोडीला श्वास घ्यायला थांबत, आणि मागे पाहावे तो अफगाण आपल्या त्याच संथ चालीने येतच असे. पुन्हा धाव, पुन्हा थांबणे. शेवटी दमलेली घोडी एका खड्ड्यात कोसळली. अफगाणाने गाठून पायावर घाव घातला, अंगावरचे किडूकमिडूक आणि घोडी घेतली आणि तो निघून गेला. राणेखान नावाच्या भिस्त्याने पखालीच्या बैलावर घालून त्यांना वाचवले. महादजींनी त्याला पुढे भाऊ मानले आणि सरदारकी दिली, ते सर्वांना माहीत आहे. त्यांचा पाय जन्मभर अधू राहिला. त्या अफगाणाचा पाठलाग आपल्याला स्वप्नातही दिसतो, असे ते पुढे सांगत. दोन जनावरांपैकी तेज घोडी हरली आणि एका चालीने चालणारा घोडा जिंकला. नंतर तीस वर्षे महादजींनी दिल्लीचे राजकारण ज्या चिकाटीने केले, ती त्या अफगाणाच्या घोड्याची चाल होती असे म्हणण्याचा मोह होतो.

पहिला घोडा स्वतःच्या हौसेने मिळालेला नसतो, अशीही मुले होती. झाशी पडल्यावर एप्रिल १८५८ मध्ये राणीसाहेब काल्पीकडे निघाल्या तेव्हा दामोदरराव आठ-नऊ वर्षांचा होता. त्याला आईच्या पाठीशी बांधले होते ते चित्र आपण शाळेच्या पुस्तकापासून पाहत आलो आहोत. चित्र तिथे थांबते. मुलगा वाचला, उरलेल्या माणसांबरोबर रानोमाळ हिंडला, पुढे इंदूरला राहिला आणि १९०६ साली तिथेच वारला. त्याच्या वंशजांनी झाशीवाले हे नाव लावले.

कवळाण्याच्या गोपाळरावाला बडोद्याला आणले ते १८७५ साली, वय बारा. दत्तकविधान झाले आणि तो सयाजीराव झाला. इलियट साहेबांच्या हाताखाली अक्षरओळखीपासून सुरुवात झाली, आणि वेळापत्रकात घोडेस्वारी होतीच. पण आता हेतू बदलला होता. हातात भाला येणार नव्हता. संस्थानिकाच्या मुलाने घोड्यावर नीट बसावे, दरबारात आणि संचलनात शोभावे, एवढेच अपेक्षित होते. इंदूरचे डेली कॉलेज, आणि आपल्याकडे माधवराव शिंद्यांनी सरदारांच्या मुलांसाठी १८९७ साली काढलेली शाळा, जी पुढे किल्ल्यावर गेली आणि सिंधिया स्कूल झाली, ही त्याच काळातली. सिंधिया स्कूलमध्ये घोडेस्वारी आजही शिकवतात. इंग्रजांच्या देशी रिसाल्यांत मात्र शिलेदारी पद्धत, तिच्या त्या नावासकट, पहिल्या महायुद्धापर्यंत टिकली. जवानाने घोड्यापोटी रक्कम भरायची आणि आपली आसामी मिळवायची. युद्धात घोडे इतक्या वेगाने मेले की एकेका जवानाच्या पदरी तो खर्च टाकणे शक्यच राहिले नाही, आणि पद्धत मोडली. पेशव्यांच्या शिलेदाराला जी भीती होती तीच शेवटी खरी ठरली.

मग मोटार आली. तबेल्यांची गॅरेजे झाली, ठाणाच्या कड्या भिंतीत राहिल्या आणि त्यांना कपडे वाळत घालायच्या दोऱ्या बांधल्या गेल्या.

आपल्याकडची गोष्ट इथे संपली असली तरी पोराच्या पहिल्या तट्टाची संपलेली नाही. पुणे, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर या भागांत पावसाळा सरला की धनगरांचे वाडे मेंढरे घेऊन बाहेर पडतात. पुढे मेंढरे, मागे घोडी. घोडीवर सगळा संसार : घोंगड्या, जाळी, हांडे, बांधलेल्या कोंबड्या, त्या दिवशी जन्मलेली कोकरे, आणि या सगळ्याच्या वर चालायला न लागलेले पोर. मल्हाररावांच्या घरची घोडी ती हीच. हे पोर कुणी काखेत धरून घोड्यावर ठेवले असे म्हणायलाही जागा नाही, कारण ते तिथेच वाढते. घोड्याची चाल त्याच्या अंगात चालणे येण्याआधी बसते. वाड्यातल्या बायका बिऱ्हाड लादतात, उतरवतात, घोडी पाणवठ्यावर नेतात, आणि सात-आठ वर्षांची मुलगी दोर हातात घेऊन पुढे चालत असते. ही घोडी म्हणजेच भीमथडी. अलीकडे कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने तिची भारतातली स्वतंत्र अश्वजात म्हणून नोंद केली. ज्यांच्या पाठीवरून राज्य पसरले त्या जनावरांना सरकारदरबारी नाव मिळायला इतकी वर्षे गेली, आणि तोवर त्यांना सांभाळले ते राज्यकर्त्यांनी नव्हे, मेंढपाळांनी.

घोडा विकत घेणारेही अजून आहेत. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याला भरतो, तो तर मल्हाररावांच्या तळोद्यापासून फार लांब नाही, त्याच नंदुरबार जिल्ह्यात. तिथे काठेवाडी आणि मारवाडी घोडी नाचवत आणतात, किमतींच्या बातम्या वर्तमानपत्रात येतात आणि फोटो काढणाऱ्यांची गर्दी त्यांच्याभोवती असते. जातीवंत घोड्यांच्या रांगा सोडून बाजाराच्या कडेला गेले तर मात्र तट्टे बांधलेली दिसतात. तिथे भाव मोठ्याने सांगत नाहीत. घेणारा तोंड उघडून दात पाहतो, खूर उचलून पाहतो, पाठीवरून हात फिरवतो. मग बरोबरच्या पोराला उचलून नुसत्या पाठीवर बसवतो आणि दोर धरून चार पावले चालवतो. घोडी मान खाली घालून गवताकडे गेली, तर बाप समाधानाने मान हलवतो आणि घासाघीस सुरू होते.